एकाच नावाच्या दोन बॅरल्स आणि बंद न होणारा बोल्ट

प्रश्न असा आला आहे. टेक्सासमधल्या एका मराठी गृहस्थांनी ६.५ ग्रेंडेल या काडतुसाच्या दोन बॅरल्स दोन वेगळ्या कंपन्यांकडून घेतल्या. बोल्ट, म्हणजे काडतुसाला मागून टेकून बॅरल बंद करणारा भाग, एकच. एका बॅरलमध्ये गो-गेज (काडतुसाच्या आकाराचं, किमान मापाचं गेज, ज्यावर बोल्ट बंद झालाच पाहिजे) घातलं की बोल्ट अलगद बंद होतो, दुसरीत अर्ध्यावरच अडतो. दोन्ही विक्रेते ठासून सांगतात, आमचं चेंबर, म्हणजे बॅरलच्या मागच्या टोकाची काडतूस बसायची पोकळी, स्टँडर्ड आहे. मग हे स्टँडर्ड ठरवतं कोण, आणि निरनिराळे बॅरलवाले एकाच मापावर येतात तरी कसे?

माझी पहिली आठ वर्षं पिंपरीच्या एका टूलरूममध्ये प्लग गेज आणि रीमर ग्राइंड करण्यात गेली, पुढची बावीस अमेरिकेत चेंबर रीमर (चेंबर कापायचं हत्यार) आणि हेडस्पेस गेज बनवण्यात. हेडस्पेस म्हणजे बोल्ट बंद असताना काडतुसाला पुढेमागे मिळणारी जागा. त्या अनुभवावरून सांगतो, दोन्ही विक्रेते खरं बोलत असावेत. त्रास तिथेच आहे.

आधी बोल्टचा निकाल लावू. एआर-१५ धाटणीच्या रायफलीसाठी ग्रेंडेलचे बोल्ट दोन प्रकारचे मिळतात. काडतुसाचं बूड बोल्टच्या तोंडावरच्या ज्या वाटीत बसतं, त्या वाटीची खोली एकात ०.१२५ इंच, दुसऱ्यात ०.१३६ इंच. फरक ११ थाउचा. (थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. आपल्या टूलरूममध्येही जुनी माणसं अजून थाउतच बोलतात.) बोल्टचे दात दोन्हींत एकाच जागी अडकतात, त्यामुळे वाटी जितकी उथळ, तितकं काडतूस पुढे सरकतं. बॅरल ०.१३६ धरून कापलेली आणि बोल्ट ०.१२५ चा, की गो-गेज ११ थाउ पुढे ढकललं जातं आणि बोल्ट बंद व्हायला नकार देतो. तुमचं बहुधा हेच झालंय. याच्या उलट जोडी जमली असती, तर बोल्ट सुरेख बंद झाला असता, हेडस्पेस ११ थाउ जास्त राहिला असता, आणि नो-गो गेज (ज्यावर बोल्ट बंद व्हायला नको ते) घालून बघेपर्यंत तुम्हाला पत्ताही लागला नसता. तेव्हा अडलाय ते बरंच झालं. जोर लावू नका, आणि गोळी झाडून बघण्याचा विचार तर अजिबात नको.

आता मूळ प्रश्न. ग्रेंडेलच्या चेंबरचं अधिकृत ड्रॉइंग उघडून बघा. त्यात व्यास आहेत, कोन आहेत, खांद्याचं माप आहे (खांदा म्हणजे पुंगळी निमुळती होते तो भाग), त्यापुढे गोळी धरणाऱ्या मानेची लांबी आहे. बोल्टच्या वाटीच्या खोलीबद्दल अवाक्षर नाही. ते ड्रॉइंग काडतुसाचं बूड जिथे टेकतं त्या पातळीपासून सुरू होतं आणि पुढे जातं. पाठीमागे बोल्ट कसा असावा हा ज्याचा त्याचा प्रश्न. म्हणून दोन बॅरलवाले ड्रॉइंग तंतोतंत पाळूनही अशा दोन बॅरल्स बनवू शकतात, ज्यांना एकच बोल्ट चालत नाही.

हे ड्रॉइंग येतं कुठून? जगात याची दोन मोठी घराणी आहेत. अमेरिकेत सामी, म्हणजे स्पोर्टिंग आर्म्स अँड ॲम्युनिशन मॅन्युफॅक्चरर्स इन्स्टिट्यूट. १९२६ मध्ये अमेरिकी सरकारच्या सांगण्यावरून बंदुका आणि काडतुसं बनवणाऱ्या कंपन्यांनी मिळून ती काढली. ही उद्योगाची स्वतःची संस्था आहे, सरकारी खातं नाही. सेंटरफायर (काडतुसाच्या बुडाच्या मधोमध ठिणगी पडणाऱ्या) रायफलींचा तिचा खंड झेड २९९.४ या क्रमांकाने ओळखला जातो आणि आज तो कुणालाही फुकट उतरवून घेता येतो. युरोपात सीआयपी, म्हणजे बंदुका तपासण्यासाठी अनेक देशांनी मिळून नेमलेला कायमचा आयोग. तिचं मूळ बेल्जियममधल्या लीएज शहरात, १९१४ सालचं. तिथल्या प्रूफ हाउसच्या संचालकांनी, जोसेफ फ्रेकँ यांनी, त्यासाठी पुढाकार घेतला होता. प्रूफ हाउस म्हणजे बंदूक तपासून तिच्यावर शिक्का मारणारं ठिकाण, सोन्यावरच्या हॉलमार्कसारखं. लंडनच्या गनमेकर्स कंपनीची सनद १६३७ ची आहे, म्हणजे तिकडे ही परंपरा जुनी. सीआयपीच्या सदस्य देशांत प्रत्येक बंदूक कमाल दाबापेक्षा निदान पंचवीस टक्के जास्त दाबाच्या काडतुसाने तपासली जाते आणि शिक्क्याशिवाय विकता येत नाही. तिथे मापाला कायद्याचा आधार आहे.

अमेरिकेत तसा कायदा नाही. सामीचं माप पाळलं नाही म्हणून कुणी पोलीस दारात येत नाही. तरी जवळजवळ सगळे पाळतात, आणि माझ्या मते त्याची कारणं अगदी रोकडी आहेत. काडतुसं बनवणारे मोजके आणि बलाढ्य, बॅरलवाले शेकड्यांनी आणि लहान. पेटीवर '.३०८ विंचेस्टर' छापून काडतूस देशभर विकलं जातं. ते तुमच्या बॅरलमध्ये बसलं नाही, तर बॅरल परत येते, काडतूस नाही. शिवाय काही फुटलं तर कोर्टात पहिला प्रश्न हाच: तुमचं चेंबर प्रसिद्ध मापात होतं का? विमा कंपनीही तेच विचारते.

ड्रॉइंग वाचताना बरेच जण एक गोष्ट विसरतात. त्यात एक माप नसतं, दोन हद्दी असतात. चेंबर कमीत कमी एवढं असलं पाहिजे आणि काडतूस जास्तीत जास्त एवढंच. कोकणातल्या घरात दार करणारा सुतार जसं करतो तसं: चौकट याहून लहान नको, दार याहून मोठं नको, आणि पावसाळ्यात फुगण्यासाठी मधे थोडी फट. चेंबरच्या अंगाच्या व्यासांना साधारण अधिक दोन थाउची सूट. काडतुसाला त्याहून बरीच जास्त, पण उणे बाजूला.

.३०८ विंचेस्टरचंच बघा. १९५२ साली बाजारात आलेलं काडतूस, म्हणजे त्याचं ड्रॉइंग आता चांगलं मुरलेलं आहे. बुडापासून खांद्यावरच्या ठरलेल्या वर्तुळापर्यंतचं अंतर (तो व्यास ०.४०० इंच) चेंबरमध्ये किमान १.६३० आणि कमाल १.६४०. काडतुसात तेच अंतर कमाल १.६३४ आणि किमान १.६२७. आकडे पुन्हा वाचा. नियमात बसणारं सर्वांत लांब काडतूस नियमात बसणाऱ्या सर्वांत आखूड चेंबरपेक्षा चार थाउ लांब असू शकतं! पहिल्यांदा हे मला छापखान्याची चूक वाटली होती. आमच्या जुन्या फोरमनला दाखवलं, तर तो हसला. पितळेची पुंगळी आहे, बोल्टच्या रेट्याने खांदा जरासा दबतो आणि बसते, हे ड्रॉइंग करणाऱ्यांनी समजूनउमजून ठेवलंय. दुसऱ्या टोकाला सर्वांत आखूड काडतूस सर्वांत लांब चेंबरमध्ये गेलं, तर १३ थाउची मोकळीक. दोन्ही टोकं स्टँडर्ड. एक रायफल कण्हत बंद होते, दुसरीत काडतूस खुळखुळतं, आणि दोघांचे मालक आपापल्या जागी बरोबर.

लष्कराचं माप आणखी वेगळं. ७.६२×५१ नाटो हे त्याच काडतुसाचं लष्करी रूप, १९५४ पासूनचं. तिथे चेंबर थोडं लांब ठेवतात, कारण चिखलात, धुळीत, तापलेल्या मशिनगनमध्ये काडतूस बसलंच पाहिजे. दाब मोजायच्या पद्धतीही निराळ्या: सीआयपी पुंगळीला भोक पाडून दाब मोजते, सामी भोक न पाडता पुंगळीच्या अंगाला टेकलेल्या संवेदकाने, नाटो पुंगळीच्या तोंडाशी. म्हणून सामीचे ६२,००० पीएसआय आणि सीआयपीचे ४,१५० बार हे आकडे समोरासमोर ठेवून अमुक काडतूस 'जास्त दाबाचं' म्हणणं म्हणजे वजनकाटे बदलून भाव करण्यासारखं आहे.

तर कागद झाला. पण कागद बॅरल कापत नाही. बॅरल कापतो रीमर.

नवा बॅरलवाला धंद्यात येतो तेव्हा तो सामीचं ड्रॉइंग घेऊन प्रत्येक कोनाचा हिशोब करत बसत नाही. तो रीमरवाल्याला फोन करतो आणि म्हणतो, ".३०८ चा एक द्या, सोबत गो आणि नो-गो." अमेरिकेत हे काम करणारी नावाजलेली दुकानं एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी: क्लायमर, मॅन्सन, जेजीएस, पॅसिफिक टूल अँड गेज अशी. शेकडो बॅरलवाले आणि रीमरवाले मूठभर. सगळी मापं एका ठिकाणी येण्याचं खरं गुपित मला इथेच दिसतं. प्रत्येक रीमरवाल्याकडे त्याचं स्वतःचं प्रिंट असतं. सामीच्या हद्दी ठेवून त्याने स्वतः ठरवलेलं: मान किती थाउ मोकळी, थ्रोटचा (चेंबरच्या पुढे, नळीतल्या पिळाच्या खाचा सुरू होण्याआधीच्या भागाचा) कोन किती, बूड कुठे धरायचं. ते प्रिंट एकदा चाललं, चार स्पर्धकांच्या गोळ्या एकमेकींना खेटून लागल्या, की पुढचे चाळीस जण 'तोच रीमर' मागवतात. संस्थेच्या ठरावाने जे होत नाही, ते दोन-तीन वर्षांत अशा फोनवर होऊन जातं.

रीमर म्हणजे पुंगळीच्याच आकाराचं, सहा धारांचं पोलादी हत्यार. दांड्यावर काडतुसाचं नाव, कधी प्रिंटचा क्रमांक, कधी मानेचा व्यास कोरलेला. तो हातात घेतला की मी आधी धार बघत नाही, दांडा वाचतो. धार नंतर लावता येते. दांड्यावर काय कोरलंय हे न वाचता मशीनला लावला, की दिवस वाया.

यात एक व्यवहारी खोच आहे, बाहेरच्यांना ठाऊक नसते. मोठा कारखाना रीमर मागवतो तेव्हा हद्दीच्या वरच्या टोकाजवळचा मागवतो. दर धार लावण्यात रीमर थोडा बारीक होत जातो, आणि सुरुवातच किमान मापावर केली तर दोन धारांत तो हद्दीखाली जातो. म्हणून कारखान्यात नव्या रीमरने कापलेलं चेंबर सैल आणि म्हाताऱ्या रीमरने कापलेलं घट्ट. एकटा गनस्मिथ मात्र वर्षाला वीस-पंचवीस बॅरल्स कापतो, तो किमान मापावरचा रीमर घेतो आणि जपतो. दोघांच्या बॅरलवर नाव एकच. आणि हातोडी-फोर्जिंगने बॅरल बनवणारे कारखाने आहेत, तिथे चेंबरसुद्धा आतल्या मँड्रेलभोवती (नळीत घातलेल्या घडीव दांड्याभोवती) ठोकून घडवता येतं. तिथे रीमरची जागा मँड्रेल घेतो, म्हणून मँड्रेल बनवणाऱ्याचं प्रिंट हेच स्टँडर्ड.

गेजचंही तसंच. गो आणि नो-गो एकाच दुकानातून घ्यावीत, कारण दोन दुकानांच्या गेजमध्ये अर्ध्या थाउपर्यंत फरक निघालेला मी स्वतः मोजलाय. पिंपरीत असताना मे महिन्यात एका नवशिक्या मुलाने गेज खिशात ठेवून चहा घेतला आणि आल्याबरोबर मोजायला बसला. आमच्या साहेबांनी ते हातातून घेतलं, ग्रॅनाइटच्या सरफेस प्लेटवर ठेवलं आणि म्हणाले, "आता जेवून ये." जगभर मापं २० अंश सेल्सिअसला धरतात. पोलादाचं ४१ मिलिमीटरचं गेज १५ अंश जास्त तापलं तर सात मायक्रॉन वाढतं, म्हणजे पाव थाउ. .३०८ च्या गो आणि नो-गोमध्ये अंतरच चार थाउचं. त्यातला पाव थाउ खिशाने खाल्ला.

आता तुमच्या ग्रेंडेलकडे येतो, कारण स्टँडर्ड होण्याआधी काडतुसाचं काय होतं याचा तो चांगला नमुना आहे. २००३ मध्ये बिल अलेक्झांडर यांच्या अलेक्झांडर आर्म्सने ते आणलं. पुंगळीचं कूळ रशियन: ७.६२×३९ ची .२२० रशियन, तिच्यापासून बेंचरेस्टवाल्यांचं, म्हणजे टेबलावर रायफल टेकवून नेम मारणाऱ्यांचं, पीपीसी काडतूस, आणि त्याच भावकीतलं हे. पण '६.५ ग्रेंडेल' हे नाव ट्रेडमार्क होतं. दुसऱ्या बॅरलवाल्याला ते परवानगीशिवाय वापरता येत नव्हतं. मग लोक काय करतात? बंदुका बनवणारे लेस बेअर यांनी जवळपास त्याच चेंबरची बॅरल .२६४ एलबीसी-एआर या नावाने विकायला काढली. नाव बांधलं की माप फुटतं, असा माझा अनुभव. ज्याला नाव वापरता येत नाही तो स्वतःचं प्रिंट काढतो, थ्रोट आपल्या मनाचा ठेवतो, बोल्ट बाजारात जो मिळेल त्यावर जुळवतो. ७.६२×३९ चे ०.१२५ खोलीचे बोल्ट आधीपासून होतेच. दोन बोल्टांची भानगड अशाच काळात रुजते. २०१० मध्ये अलेक्झांडर आर्म्सने नावावरचा हक्क सोडला, त्यानंतर ग्रेंडेल सामीत दाखल झालं, आणि चेंबरची मापं एका कागदावर आली. बोल्टची आली नाहीत, कारण कागदावर बोल्ट नसतोच.

.३०० व्हिस्परचंही थोडंफार असंच. जे. डी. जोन्स यांनी .२२१ फायरबॉलच्या पुंगळीची मान रुंदावून ते केलं, नावावर ट्रेडमार्क ठेवला. जानेवारी २०११ मध्ये जवळपास त्याच कल्पनेचं .३०० ब्लॅकआउट सामीने मंजूर केलं, ड्रॉइंग सर्वांसाठी खुलं, आणि बघता बघता प्रत्येक बॅरलवाल्याच्या यादीत ते आलं. व्हिस्परवर प्रेम करणारे अजून आहेत, पण फोनवर रीमर मागणारे ब्लॅकआउटचाच मागतात.

याहून जास्त शिकवून गेलं ते ६.८ एसपीसी, आणि तिथे माझे स्वतःचे हात पोळले आहेत. हे काडतूस २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत अमेरिकी सैन्यातल्या नेमबाजांनी आणि रेमिंग्टनने मिळून घडवलं, .३० रेमिंग्टनच्या जुन्या पुंगळीवरून. सामीत त्याचं चेंबर नोंदलं गेलं, पण त्यात पुंगळीच्या तोंडापासून रायफलिंग (नळीतल्या पिळाच्या खाचा) सुरू होईपर्यंतची मोकळी जागा, म्हणजे लीड, फारच आखूड: सुमारे ५० थाउ. गोळी सुटते न सुटते तोच खाचांवर आदळते, दाब लवकर चढतो. काडतुसं बनवणाऱ्यांना बारूद हात राखून भरावी लागली आणि काडतुसाचा दमच निघून गेला. मग काही बॅरलवाल्यांनी स्वतःच लीड सुमारे १०० थाउची केली, पिळही थोडा मंद केला, आणि त्या चेंबरला एसपीसी-२ म्हणू लागले. नेमबाजांना फरक पहिल्या पेटीतच कळला. थोड्याच वर्षांत नवी बॅरल म्हणजे एसपीसी-२ असं समीकरण झालं. सामीच्या कागदावर मात्र जुनंच चेंबर राहिलं.

त्याच काळात एका लहान बॅरलवाल्याने आमच्याकडे रीमर मागवला. ऑर्डरवर लिहिलेलं: '६.८, स्टँडर्ड'. मी फोन करून विचारलं, कोणतं स्टँडर्ड? तो थोडा चिडून म्हणाला, "स्टँडर्ड म्हणजे स्टँडर्ड, सामीचं, आणखी कोणतं?" त्याचं बरोबरच होतं, आणि मी सामीच्या ड्रॉइंगवर रीमर ग्राइंड करून दिला. तीन महिन्यांनी त्याचा फोन. चाळीसेक बॅरल्स विकल्या होत्या आणि परत यायला लागल्या होत्या. बाजारात तोवर एसपीसी-२ धरून भरलेली जोरकस काडतुसं मिळत होती. ती त्याच्या आखूड थ्रोटमध्ये प्रायमर (बुडातली ठिणगीची टोपी) चपटे करत होती, एक-दोघांची पुंगळी काढताना अडकली होती. कुणाला इजा झाली नाही. त्याने ड्रॉइंग पाळलं होतं, मी ड्रॉइंग पाळलं होतं, आणि बॅरल चुकीची होती. शेवटी आम्ही फुकटात एक थ्रोटिंग रीमर करून दिला, त्याने परत आलेल्या बॅरल्सची लीड लांब केली. तेव्हापासून आमच्या ऑर्डर फॉर्मवर '६.८' लिहिलं तर पुढे दोन चौकटी येतात आणि एकीवर टिक केल्याशिवाय ऑर्डर पुढे सरकत नाही.

.२२३ आणि ५.५६ चं भांडण इतकं चघळलं गेलंय की त्यात शिरत नाही. एवढंच: बाहेरून काडतूस तेच दिसतं, ५.५६ च्या चेंबरचा थ्रोट लांब आणि मोकळा असतो, आणि .२२३ चं चेंबर असलेल्या बॅरलमध्ये ५.५६ घालू नका असं सामी स्वतः सांगते. पण या दोघांच्या मधे .२२३ वाइल्ड नावाचं चेंबर आहे, इलिनॉयचे गनस्मिथ बिल वाइल्ड यांनी काढलेलं. थ्रोट ५.५६ सारखा लांब, पण व्यास घट्ट. सामीच्या यादीत ते नाही. तरी अमेरिकेत एआर-१५ ची बॅरल घ्यायला जा, अर्ध्या दुकानांत तेच समोर ठेवतील. कागद नसताना स्टँडर्ड झालेलं चेंबर बघायचं असेल, तर हे बघा. रीमर सगळ्यांकडे एकाच घडणीचा मिळत होता, तो लोकांना आवडला, बस.

बॅरलवाले कागदाच्या पुढे धावतात याचं जुनं उदाहरण .२२-२५०. १९३० च्या दशकापासून गनस्मिथ .२५० सॅव्हेजची मान आवळून हे काडतूस घरच्या घरी बनवायचे, ज्याच्या त्याच्या प्रिंटवर. १९६३ मध्ये ब्राउनिंगने त्याच्या रायफली कारखान्यातून विकायला काढल्या, तेव्हा बाजारात कारखान्याचं काडतूस नव्हतं! रेमिंग्टनने ते आणलं १९६५ मध्ये.

युरोपात नेमबाजांनी स्वतः माप आवळल्याची गोष्ट मला मनापासून आवडते. ६.५×५५ हे काडतूस १८९० च्या दशकात स्वीडन आणि नॉर्वे यांच्या संयुक्त समितीने ठरवलं. दोन्ही देशांच्या रायफली वेगळ्या, इकडे माउझर, तिकडे क्राग, आणि शंभर वर्षांत चेंबरबद्दल दोन्हीकडे भरपूर दंतकथा साचल्या. १९९० मध्ये नॉर्डिक देशांतल्या नेमबाजी संघटना आणि नॉर्मा, लापुआ या काडतूसवाल्यांनी एकत्र बसून ६.५×५५ स्कॅन म्हणून मापं नव्याने पक्की केली, स्पर्धेच्या रायफली आणि स्पर्धेची काडतुसं एकमेकांना चालावीत म्हणून. काडतूस बनवणारे, बॅरल बनवणारे आणि झाडणारे एका टेबलाशी बसले. अमेरिकेत तिसरी खुर्ची बहुतेक रिकामीच असते.

६.५ क्रीडमूर मात्र पहिल्या दिवसापासून नीट चाललं. २००७ मध्ये हॉर्नाडी या काडतूस कंपनीने ते आणलं तेव्हा ड्रॉइंग, पुंगळ्या, भरलेली काडतुसं सगळं एकदम बाजारात होतं, आणि पेटीवर बारुदीचं माप छापलेलं होतं. बॅरलवाल्याला डोकं लावायला काही उरलंच नाही. रीमर मागवा आणि कापा. आमच्याकडे पहिल्या दोन वर्षांत त्याच्या रीमरच्या चौकशीत 'कोणतं प्रिंट?' हा प्रश्न कुणी विचारला नाही.

आपल्याकडच्या वाचकांना हे सगळं लांबचं वाटत असेल, तर कोल्हापूरकडे बघा. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी ५० मीटर रायफलीच्या तीन अवस्थांच्या प्रकारात कांस्य मिळवलं. ती स्पर्धा .२२ लाँग रायफल काडतुसाची. या काडतुसाला १३५ हून अधिक वर्षं झाली, पण चेंबरचं एकच माप अजून नाही. खेळाच्या साध्या रायफलीचं सैल, मॅच चेंबर घट्ट, आणि मॅचमध्येही निरनिराळ्या रीमरवाल्यांचे निरनिराळे नमुने. मॅच चेंबरमध्ये काडतूस शेवटचा थोडा भाग अंगठ्याने रेटावं लागतं आणि गोळीवर रायफलिंगची बारीक खूण उमटते. साध्या रायफलीच्या सवयीचा माणूस पहिल्यांदा घाबरतो, अडकलं म्हणून काडतूस बाहेर काढतो. ते अडकलेलं नसतं.

आता तुमच्या दोन बॅरल्सचं काय करायचं ते सांगतो. बोल्टच्या वाटीची खोली डेप्थ मायक्रोमीटरने मोजून घ्या. स्वतःकडे नसेल तर जवळच्या कुठल्याही मशीनशॉपमध्ये दोन मिनिटांचं काम. आकडा ०.१२५ च्या आसपास येईल असा माझा अंदाज. मग दोन्ही बॅरलवाल्यांना लिहा, पण 'तुमचं चेंबर स्टँडर्ड आहे का' असं विचारू नका, त्याला उत्तर 'हो' एवढंच येतं. विचारा, हेडस्पेस कोणत्या खोलीच्या बोल्टवर जुळवला, रीमर कोणत्या प्रिंटचा, आणि तपासताना गो-गेज कुणाचं वापरलं. चांगला बॅरलवाला या तिन्हींची उत्तरं दिवसभरात देतो, त्याच्या जॉब कार्डवर ती लिहिलेलीच असतात. उत्तरच येत नसेल तर बॅरल परत करा. उत्तर आलं आणि दुसरी बॅरल ०.१३६ ची निघाली, तर तिच्यासाठी तिच्याच दुकानातून बोल्ट मागवा, बॅरलशी जुळवून तपासलेला. जुन्या बोल्टची वाटी खोल करून घेऊ नका. कुणी ११ थाउ 'साफ करून' देतो म्हणाला तरी नको, कारण वाटीभोवतीची कडा आधीच पातळ असते आणि कठीण केलेला थर खरवडला जातो.

दोन बोल्ट झाले की दोघांच्या शेपटीवर रंगाचा ठिपका द्या, आणि त्याच रंगाचा ठिपका आपापल्या बॅरलच्या एक्स्टेन्शनवर (बोल्टचे दात अडकतात त्या मागच्या टोकावर). आमच्याकडे पांढरा आणि पिवळा वापरतात. लाल नको, तेल आणि काजळीत तो दिसत नाही.